डोंग्याकडून डिझेल बोटीकडे : माणसे, कुत्री आणि नदीकाठचे गाव

वर्धा जिल्ह्यातील पवनार हे गाव धाम नदीच्या काठी वसलेले आहे. विनोबा भावे 1938 साली येथे राहावयास आले आणि 12 फेब्रुवारी 1948 रोजी महात्मा गांधींच्या रक्षेचे येथील प्रवाहात विसर्जन झाले. त्यामुळे या लहानशा नदीचे नाव देशभर पोहोचले. उन्हाळ्यात पवनारच्या पात्रातील काळे खडक उघडे पडतात. माणूस एका खडकावरून दुसऱ्या खडकावर पाय ठेवीत पुष्कळ दूरवर जाऊ शकतो. पावसाळ्यात मात्र वरच्या बाजूस दमदार पाऊस झाला आणि महाकाळी येथील धरणातून पाणी सोडावे लागले, म्हणजे हेच खडक पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात घोट्याएवढे पाणी असलेली नदी तेव्हा वेगवान आणि गढूळ होते.

विदर्भातील बहुतेक नद्यांची प्रकृती अशीच आहे. धाम नदी वणेला मिळते, वणा वर्धेला मिळते आणि या सर्व नद्यांच्या काठी ढिवर व भोई समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगे चालवीत आले आहेत. मासेमारी, पैलतीरावरच्या शेतीची ये-जा, देवदर्शन आणि प्रसंगी पुरातील सुटका ही सर्व कामे डोंग्याने केली. आता डोंगा अपुरा पडतो, एखादी मोठी डिझेल बोट घ्यावी, असा विचार नदीकाठच्या व जलाशयाकाठच्या अनेक गावांत होतो. विचार योग्यच आहे. परंतु तो करताना बोटीची किंमत आणि अश्वशक्ती यांचीच चर्चा अधिक होते. बोट कोणत्या पाण्यात चालावयाची, तिच्यावर किती भार घालावयाचा आणि माणसांबरोबर त्यांची जनावरे, विशेषतः कुत्री, चढली तर काय करावयाचे, हे प्रश्न मागे राहतात. वस्तुतः बोटीची सुरक्षितता याच प्रश्नांवर अवलंबून असते.

आकार वाढला म्हणजे धोका संपला काय?

14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा मृत्यू झाला. ही नाव लहान होती. तेव्हा मोठी बोट असती तर हा अनर्थ टळला असता, असे कोणाच्याही मनात सहज येईल. परंतु त्यापूर्वी दोनच वर्षे, ऑगस्ट 2019 मधील महापुरात, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटली तेव्हा ती डोंगा नव्हती. पुराने वेढलेल्या गावातून माणसांना बाहेर काढणारी ती यांत्रिक बोट होती. तीत सुमारे 30 माणसे होती व त्यांपैकी 17 जणांना प्राण गमवावे लागले. सुटकेसाठी आलेली बोटच बुडावी, ही घटना नदीकाठच्या प्रत्येक गावाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आकाराचा विचार आणखी पुढे नेला तरी निष्कर्ष बदलत नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट ऐन पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. केरळमध्ये तानूर येथे 7 मे 2023 रोजी प्रवासी बोट उलटून 22 जण मृत्युमुखी पडले. ती बोट मूळची मासेमारीची होती. तिच्यात फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती. एक लहान नाव, एक यांत्रिक बोट, एक आगबोट आणि एक फेरफार केलेली बोट अशी ही चार उदाहरणे आहेत. मोठी बोट अधिक भार सोसते हे खरे. परंतु तिच्यावर माणसे अधिक विश्वासाने आणि अधिक संख्येने चढतात, हेही तितकेच खरे आहे.

मोठ्या बोटीचे गणित

बोटीचा आकार वाढला म्हणजे नेमके काय बदलते, हे शाळेतील गणितानेही समजण्यासारखे आहे. एका बोटीची लांबी 4 मीटर व रुंदी 1 मीटर आहे आणि दुसरी त्याच घडणीची बोट सर्व बाजूंनी दुप्पट, म्हणजे 8 मीटर लांब व 2 मीटर रुंद आहे, असे समजू. लांबी दुप्पट झाली. पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ चौपट झाले. आणि बोटीचे घनफळ आठपट झाले. मोठी बोट पाहताक्षणी कितीही माणसे मावतील असे वाटते, ते या आठपटीमुळे.

बोटीची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे पाण्यावरील तिचे क्षेत्रफळ लांबी आणि रुंदीच्या गुणाकाराच्या सुमारे पाऊणपट धरता येईल. लहान बोटीचे ते 3 चौरस मीटर आणि मोठीचे 12 चौरस मीटर होईल. म्हणजे लहान बोट एक सेंटिमीटर अधिक बुडण्यास 30 किलो भार पुरतो, तर मोठ्या बोटीस 120 किलो लागतो. साधारण 30 किलो वजनाचे दांडगे गावठी कुत्रे डोंग्यात चढले तर डोंगा एक सेंटिमीटर खाली जाईल. मोठ्या बोटीत तेच कुत्रे चढले तर ती पाव सेंटिमीटरच खाली जाईल. तेव्हा मोठ्या बोटीच्या दृष्टीने कुत्र्याचे वजन ही चिंतेची बाब नव्हे.

माणसांचेही असेच आहे. 70 किलोची दहा जादा माणसे चढली तर मोठी बोट सहा सेंटिमीटरांहूनही कमी खाली जाते. काठावरून पाहणाऱ्यास हा फरक जाणवतही नाही आणि खरा धोका येथेच सुरू होतो. बोट उलटते ती बहुधा खोल बुडाल्यामुळे नव्हे, तर भार उंचावर गेल्यामुळे किंवा एका बाजूस सरकल्यामुळे. खाली बसलेली माणसे बोटीला स्थिर ठेवतात. तीच माणसे उभी राहिली म्हणजे बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि थोड्याशा कलण्यानेही काठ पाण्याला टेकतो. एकदा पाणी आत शिरले की ते खालच्या बाजूस धावते आणि कलणे आणखी वाढविते. तळाशी साचलेले पाणी किंवा अर्धवट भरलेल्या रुंद टाकीतील डिझेल याच रीतीने हेलकावते. म्हणून तळ कोरडा ठेवणे आणि पाणी उपसण्याचा पंप चालू स्थितीत असणे हे इंजिनाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा बदल गतीचा होय. बोटीला ब्रेक नसतो. भार धरून 300 किलोचा डोंगा आणि 3000 किलोची डिझेल बोट एकाच वेगाने चालल्या, तर मोठ्या बोटीची गतिज ऊर्जा दसपट असते. वेग दुप्पट केला तर ती चाळीसपट होते. डोंगा खडकाला घासला तर वल्ह्याच्या एका रेट्याने तो बाजूला घेता येतो. मोठी बोट तशी वळत नाही; तिला थांबावयास अंतर लागते आणि हे अंतर बोट हाकणाऱ्याने आधीच ओळखावे लागते.

तिसरा बदल खोलीचा आहे. मोठ्या बोटीचा तळ अधिक खाली असतो आणि त्याहूनही खाली तिचा पंखा फिरत असतो. पुरात बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा, विहिरींचे कठडे आणि वाहत आलेल्या दोऱ्या या सर्वांत तो अडकू शकतो. पंखा अडकून इंजिन बंद पडले की बोट आडवी होते आणि प्रवाह तिच्या कुशीवर आदळतो. अशा वेळी हाताशी वल्ही, लांब बांबू आणि नांगर नसतील, तर मोठ्या बोटीतील माणसे डोंग्यातील माणसांपेक्षाही असहाय ठरतात.

डिझेल इंजिनाचा स्वभाव

लहान बोटींना मागे टांगावयाचे पेट्रोल इंजिन असते. मोठ्या बोटीत बहुधा आतच डिझेल इंजिन बसविलेले असते. पेट्रोलची वाफ नेहमीच्या तापमानातही पेट घेऊ शकते. डिझेलची वाफ तेवढ्या सहजतेने पेट घेत नाही, म्हणून बंदिस्त जागेत डिझेल अधिक सुरक्षित मानले जाते. शिवाय ते इंजिन मंद गतीने अधिक जोर देते आणि इंधनही कमी खाते. 20 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालले, तर तासाला साधारण चार लिटर डिझेल लागते, असा ढोबळ हिशेब धरता येतो. दहा तासांच्या कामास 40 लिटर लागतील. त्यात एकतृतीयांश राखीव साठा मिळविला, तर सुमारे 55 लिटर डिझेल पावसाळ्यापूर्वीच गावात असावयास हवे. पूर आल्यावर रस्ता बंद होतो आणि रस्ता बंद झाल्यावर पंपावरून डिझेल आणता येत नाही.

डिझेल इंजिनाचे मोठे शत्रू दोन आहेत : पाणी आणि पडून राहणे. आठ-दहा महिने वापराविना पडलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी साठते, त्यात गाळ धरतो आणि तो गाळणीत अडकतो. बॅटरी उतरते. मग ज्या रात्री बोट हवी असते, त्याच रात्री इंजिन सुरू होत नाही. मे महिन्यात टाकी रिकामी करून धुणे, गाळणी बदलणे, बॅटरी भारित करणे आणि बोट प्रत्यक्ष पाण्यात घालून तासभर चालविणे, एवढे काम दरवर्षी नेमून दिलेल्या माणसाने केले, तर ही अडचण बहुतांशी टळते.

कोकणातील अनुभव याबाबत बोलका आहे. तेथील शिडाच्या होड्यांची जागा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डिझेल इंजिनाच्या होड्यांनी घेतली. केवळ इंजिने विकत आणून हे घडले नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्था, डिझेलचा पुरवठा, बंदरातील दुरुस्तीची सोय आणि इंजिन समजणारे तरुण खलाशी ही सर्व साखळी उभी राहिली, म्हणून यांत्रिक होडी तेथे टिकली. ज्या गावात बोट येते पण मिस्त्री येत नाही, तेथे ती काही वर्षांतच काठावर पालथी पडलेली दिसते.

कुत्र्याला मागे ठेवून माणूस निघत नाही

पुराच्या वेळी सुटकेची बोट दारापर्यंत येते आणि तरीही माणसे घर सोडावयास तयार होत नाहीत, हा अनुभव महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांना नवा नाही. 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी कित्येक कुटुंबे केवळ गोठ्यातील जनावरांसाठी थांबली होती. गाई-म्हशींची ही गोष्ट सर्वमान्य आहे, कारण त्यांच्यावर संसार चालतो. कुत्र्याचा विचार मात्र हसण्यावारी नेला जातो. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे कुत्रे, मळ्यातील राखणीचे कुत्रे किंवा धनगराच्या कळपाबरोबरचे कुत्रे हे त्या त्या माणसाच्या दृष्टीने घरातीलच एक असते. ते छपरावर भुंकत राहिले आणि बोट निघाली, तर मालक अर्ध्या वाटेवरून पाण्यात उडी घेतो किंवा दुसऱ्या दिवशी कोणास न सांगता परत जातो. अशा परतीच्या वाटेवरच जीव जातात.

जगात इतरत्रही हाच अनुभव आला आहे. 2005 साली अमेरिकेत ‘कॅटरिना’ वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा निवाऱ्यात पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही म्हणून अनेकांनी घर सोडले नाही. त्यानंतर पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, आपत्तीच्या काळात घरे रिकामी करण्याच्या योजनेत पाळीव व सेवा देणाऱ्या प्राण्यांचा विचार झालाच पाहिजे, असा कायदा त्या देशाने केला. हा कायदा प्राण्यांवरील दयेतून जितका निघाला, तितकाच माणसे वाचविण्याच्या गरजेतून निघाला.

महाराष्ट्रातही मोठ्या बोटीने प्राण्यांचा प्रश्न सोपा केल्याची उदाहरणे आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयात माणसांसाठी लाँच आहेत, तशी वाहने पलीकडे नेण्यासाठी तराफ्याची सोय आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी, मोटारी वाहून नेणारी मोठी बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. तीत प्रवाशांना आपले कुत्रे बरोबर नेता येते. लहान लाँचमधील दाटीत जे अवघड होते, ते रुंद व सपाट पृष्ठभागाच्या बोटीत शक्य होते, कारण तेथे प्राण्याला निराळी जागा देता येते. परंतु जागा असणे आणि ती नेमून दिलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बोटीतील कुत्र्यापासून होणारा धोका

वर पाहिल्याप्रमाणे कुत्र्याचे वजन मोठ्या बोटीस जाणवत नाही. धोका आहे तो त्याच्या भीतीमुळे. माणसाच्या कानाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याची ही मर्यादा 40 हजारांच्याही पुढे आहे. बंदिस्त जागेत चाललेल्या डिझेल इंजिनाचा आवाज आणि पायाखालची थरथर त्याला माणसापेक्षा कितीतरी अधिक त्रासदायक वाटते. त्याची नखे ओल्या लोखंडावर किंवा फायबरच्या तळावर घसरतात. घसरणारे कुत्रे घाबरते, घाबरलेले कुत्रे झेप घेते किंवा चावते, आणि कुत्रे अंगावर आले म्हणजे त्या बाजूची आठ-दहा माणसे एकदम उठून दुसऱ्या बाजूस जातात. 30 किलोच्या प्राण्यामुळे अशा रीतीने 600-700 किलोचा भार क्षणात हलतो. बोट कलते ती या भारामुळे.

हे टाळण्याचे उपाय खर्चिक नाहीत. बोटीच्या मध्यभागी, इंजिनापासून दूर आणि तळाच्या पातळीवर एक जागा प्राण्यांसाठी राखून ठेवावी. तेथे काथ्याची चटई किंवा घट्ट बांधलेले गोणपाट अंथरावे, म्हणजे नखांना पकड मिळते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीजवळ कुत्र्याला बसवू नये. वारा मागून असताना हा धूर बोटीत ओढला जातो आणि कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा खाली असते. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर व तापलेल्या नळीवर जाळी असावी. ती माणसांच्या लहान मुलांसाठीही आवश्यक आहेच.

कुत्र्याला चढविताना उडी मारावयास लावू नये. आडव्या पट्ट्या ठोकलेली रुंद फळी टाकून मालकाने त्याच्यापुढे चालावे. गळ्यातील दोरी मालकाच्या हातात असावी. ती बोटीच्या कडीला कधीही बांधू नये. बोट उलटली तर बांधलेले कुत्रे तिच्याबरोबर बुडते आणि त्याला सोडविण्यास गेलेला माणूसही अडकतो. त्याच कारणासाठी दोरी मनगटाला गुंडाळू नये, नुसती मुठीत धरावी. अनोळखी माणसांत चावण्याचा संभव असेल, तर रुंद कापडी पट्टीने तोंड सैल बांधावे आणि काठ येताच सोडावे. कुत्रे धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. तोंड घट्ट व फार वेळ बांधून ठेवले तर ते दगावू शकते. शक्य असल्यास पाठीवर धरावयाची पकड असलेले तरंगते जाकीट त्याला घालावे. पाण्यात पडलेल्या प्राण्याला वर ओढताना त्या पकडीचा फार उपयोग होतो.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीज प्रतिबंधक लशीची पूर्ण मालिका घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. यासाठीच पावसाळ्यापूर्वी गावातील कुत्र्यांचे लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने उरकून घेणे हा बोटीच्या तयारीचाच भाग समजावा. पुराच्या पाण्यातून उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राद्वारे लेप्टोस्पायरोसिस हा रोगही पसरतो. जखमी पायांनी अशा पाण्यात उतरलेल्या खलाशांनी व स्वयंसेवकांनी ताप येताच डॉक्टरांना दाखवावे.

आधी माणसे, परंतु दुसरी फेरी निश्चित

माणूस आणि प्राणी यांत निवड करण्याची वेळ आली, तर माणसास अग्रक्रम मिळावा, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, प्राण्यांची फेरी केव्हा होईल हे माणसांना सांगितले जाते की नाही. ‘कुत्री-बित्री काही नाही, आधी बसा’ असे म्हटले की वाद सुरू होतो, बोट दारात खोळंबते आणि शेवटी दाटीवाटीने माणसे व प्राणी एकदमच चढतात. याउलट पहिली फेरी लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांची; दुसरी उरलेल्या माणसांची; तिसरी मालकासह कुत्र्यांची व शेळ्यांची, असा क्रम आधीच ग्रामसभेत ठरलेला आणि फळ्यावर लिहिलेला असेल, तर मालक निश्चिंतपणे कुत्रे उंच जागी ठेवून बोटीत बसतो. ज्या घरी एकच माणूस व एकच कुत्रे आहे, तेथे दोघांना एकाच फेरीत घेणे सोयीचे ठरते. मात्र त्या फेरीत दोन माणसे कमी घ्यावीत. मोठी गुरे अशा बोटीत चढवू नयेत. पुराचा इशारा मिळताच त्यांना सोडून उंचावर हलविणे हाच त्यांच्या बचावाचा खरा मार्ग होय. दावणीला बांधलेली गुरे जागीच बुडतात, हे प्रत्येक पुराने दाखवून दिले आहे.

कायदा आणि ग्रामपंचायत

1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 हा कायदा आला आहे. देशांतर्गत जलमार्गांवरील यंत्रचलित जलयानांची तपासणी, नोंदणी, चालकाची पात्रता आणि विमा यांची तरतूद त्यात आहे. यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याचीही तरतूद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये नौका सुरक्षेसंबंधी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांतील मुख्य गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीस समजण्याजोग्या आहेत. बोटीवर प्रवाशांची कमाल संख्या मोठ्या अक्षरांत लिहावी. बाहेरच्या बाजूस भाररेषा ठळक रंगवावी आणि ती पाण्याखाली गेली की बोट सोडू नये. प्रत्येक प्रवाशास जीवरक्षक जाकीट असावे व ते बसण्यापूर्वीच अंगात घालावे. जेवढी जाकिटे तेवढीच माणसे, हा नियम इतका साधा आहे की तो लहान मुलासही मोजून पाहता येतो.

जुन्या बोटीत फेरफार करून ती मोठी करण्याचा मोह टाळावा. वर छप्पर चढविले, बाके उंच केली किंवा मोठे इंजिन बसविले, म्हणजे मूळ घडणीचा तोल बदलतो. असा कोणताही बदल केल्यावर सक्षम अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासणी करून घेतल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये.

बोट कोणी हाकावयाची, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. इंजिन चालविण्याचे शिक्षण थोड्या दिवसांत देता येते. नदी वाचण्याचे ज्ञान तसे मिळत नाही. भोवरा कोठे पडतो, खडक कोठे आहे, उतरत्या पुरात कोणत्या काठाची माती ढासळते, हे ज्या ढिवराला ठाऊक आहे, त्यालाच प्रशिक्षण देऊन नव्या बोटीवर नेमणे शहाणपणाचे होय. यंत्र आले म्हणून डोंगेवाल्याला बाजूला सारणारे गाव आपल्या बोटीचे डोळेच काढून घेते.

पवनारसारख्या गावाने काय करावे?

हा सर्व विचार करून पाहिले असता असे दिसते की, प्रत्येक नदीस मोठी डिझेल बोट हवीच असे नाही. पवनार येथील धाम नदीचे पात्र खडकाळ आहे. अशा पात्रात खोल तळाची जड बोट उपयोगी पडण्याऐवजी अडकण्याचाच संभव अधिक. अशा गावांना सपाट तळाची, चार माणसांना उचलता येईल अशी हलकी बोट, पुरेशी जाकिटे, दोरखंड आणि वरच्या धरणाच्या विसर्गाची वेळेवर मिळणारी सूचना यांचा अधिक उपयोग होईल. मोठी डिझेल बोट शोभते ती गोसीखुर्द, अप्पर वर्धा, उजनी किंवा कोयना यांसारख्या विस्तृत जलाशयांत आणि कोकणच्या खाड्यांत. तेथे पाणी खोल, अंतर मोठे आणि ये-जा वर्षभराची असते. काही गावांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी एक मोठी बोट ठेवावी व प्रत्येक गावाने आपली हलकी बोट बाळगावी, ही योजना अनेक ठिकाणी व्यवहार्य ठरेल.

मात्र बोट लहान असो वा मोठी, तयारीचे काम सर्वांस सारखेच आहे आणि त्यास मोठा निधी लागत नाही. मे महिन्यात ग्रामसेवक व तलाठी यांनी नदीकाठच्या घरांची यादी करावी. तीत माणसे, त्यांतील वृद्ध व आजारी, गुरे, शेळ्या आणि कुत्री यांचे निरनिराळे रकाने असावेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून बोटीचे क्षेत्रफळ मोजवून घ्यावे आणि किती किलोला ती एक सेंटिमीटर बुडते, हे त्यांनाच काढावयास सांगावे. घनफळ आणि क्षेत्रफळ यांचा इतका उपयुक्त धडा पुस्तकात सहसा सापडत नाही. पावसाळ्यापूर्वी एक दिवस शांत पाण्यात, जाकिटे घालून, दोन-तीन कुत्र्यांसह प्रत्यक्ष रंगीत तालीम घ्यावी. कोणते कुत्रे फळीवर चढते, कोणते बिचकते आणि ते बिचकले म्हणजे माणसे कोणत्या बाजूस सरकतात, हे त्या दिवशी हसतखेळत कळते. पुराच्या रात्री ते कळावे अशी वेळ येऊ नये.

या तालमीनंतर एक गोष्ट बोटीवरच लिहून ठेवावी : माणसे किती, प्राणी किती आणि कोणत्या फेरीस. ती पाटी वाचून जी बोट दोन माणसे काठावर ठेवून निघते आणि त्यांना नेण्यासाठी खरोखरच परत येते, त्या बोटीवर गाव पुढच्या पुरातही विश्वास ठेवील.